हेड गॅस्केट परत परत उडतंय? गॅरेज टाकणाऱ्यांसाठी एक महागडा धडा



गॅरेज टाकायचं म्हटलं की सगळे मला तीनच गोष्टी विचारतात. जागा किती लागेल, टूल्सला किती पैसे लागतील आणि महिन्याला किती सुटतील. पण केलेलं काम परत आलं तर काय करायचं, हा प्रश्न आजवर एकानेही विचारलेला नाही. खरं सांगतो, धंदा तिथेच बुडतो किंवा तिथेच उभा राहतो. आमच्या गॅरेजात एकाच गाडीचं हेड गॅस्केट तीन वेळा उडालं, तेव्हा मला हे कळलं. त्यात माझे पैसे गेले, आणि गाडीवाल्याचं त्याहून जास्त गेलं. आज तीच गोष्ट सांगतो, तांत्रिक भागासकट.

काय झालं होतं

बोईसरला माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि मागे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. मी शिकलो बीबीए, पाना धरायला नंतर शिकलो. त्यामुळे सुरुवातीला गॅरेजचं सगळं मिस्त्रींवर सोडून मी काउंटर सांभाळायचो.

एक दादा होते. तारापूर एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायची त्यांची पेट्रोल व्हॅन. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. सकाळी पालघरकडच्या गावांतून माणसं उचलायची, पहिल्या पाळीला गेटवर सोडायची आणि रात्रपाळी सुटलेल्यांना घेऊन परत यायचं. गाडीवर हप्ता चालू होता.

पहिल्यांदा गाडी दोर बांधून आणली. बॉनेटमधून वाफ येत होती. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. मिस्त्री म्हणाले, "गॅस्केट गेलं." हेड उतरवलं, फेस मारून आणलं, नवीन गॅस्केट टाकलं, ऑइल-कूलंट बदललं. दोन दिवसांत गाडी दिली.

पाच आठवड्यांनी गाडी परत आली, दुखणं तेच. आम्ही म्हणालो, गॅस्केट डुप्लिकेट निघालं असेल. कंपनीचं ओरिजिनल मागवून बसवलं. लाज वाटली म्हणून एक रुपया घेतला नाही.

तीन आठवड्यांनी रविवारी दादा एका कुटुंबाचं भाडं घेऊन मनोरला निघाले होते. वाघोबा खिंडीच्या चढावर गाडी बसली. पॅसेंजरला दुसरी गाडी करून द्यावी लागली, तीही दादांच्या खिशातून.

सोमवारी दादा आले ते ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "शेठ, गॅस्केट बदललंत ते समजलं. पण ते उडतं कशानं, ते कोणी सांगेल का मला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोनदा पूर्ण काम केलं होतं आणि हा साधा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला नव्हता.

गॅस्केट म्हणजे नक्की काय

ज्यांना गाडीतलं फार कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. इंजिनचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन चालतात, आणि वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. दोघांच्या मध्ये जो पातळ पत्रा बसतो तो हेड गॅस्केट. पूर्वी यात ॲस्बेस्टॉस असायचं, आता बऱ्याच गाड्यांत स्टीलच्या थरांचं येतं. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात: सिलिंडरमध्ये पेट्रोल जळताना होणारं प्रेशर, इंजिन ऑइल आणि कूलंट. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की इंजिनचं काम तमाम.

आता हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं आणि अनेक गाड्यांत ब्लॉक कास्ट आयर्नचा. तापल्यावर ॲल्युमिनियम कास्ट आयर्नच्या साधारण दुप्पट पसरतं. गाडी नेहमीच्या तापमानात चालली तर गॅस्केट हे पसरणं-आकसणं सहज झेलतं. पण गाडी एकदा सणकून गरम झाली की हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही महागाचं गॅस्केट ठेवा, ते टिकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. गॅस्केट उडणं हा बहुतेक वेळा आजार नसतो, लक्षण असतं. ताप आला म्हणून गोळी दिली, ताप उतरला, पण मलेरिया तसाच राहिला, असं आमचं झालं होतं.

परत परत उडायची कारणं तीन घरांत शोधा

पहिलं घर: गाडी गरम का होते? रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने चोक होतो. वॉटर पंपाची पाती झिजतात. पंखा वेळेवर लागत नाही. थर्मोस्टॅट अडकतो. आपल्याकडे तर थर्मोस्टॅट काढून फेकायचीच सवय आहे, म्हणे गाडी थंड राहते. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की कूलंटचा बायपास उघडाच राहतो, बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि लोडवर गाडी उलट जास्त तापते.

दुसरं घर: दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का? हेडवर सरळपट्टी ठेवून खालून फिलर गेज घालून बघायचं, उभं, आडवं आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी. अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत मर्यादा 0.05 मिमीच्या आसपास असते. झेरॉक्सचा एक कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो, म्हणजे अर्ध्या कागदाएवढा फरकही जास्त. नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. आणि गंमत अशी की हेड सगळे तपासतात, कारण ते उतरवून हातात घेता येतं. ब्लॉक गाडीतच राहतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. शिवाय हेडला चीर आहे का ते प्रेशर टेस्टशिवाय कळत नाही. नुसता फेस मारून चीर जात नाही.

तिसरं घर: बसवलं कसं? बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेला, कंपनीने दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात, आणि टॉर्क रिंचनेच. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य गॅरेजातलं सर्वांत महाग वाक्य आहे. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क खोटा दाखवतो, कधी ब्लॉकला तडाही जातो. जुनं गॅस्केट ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून साफ केलं तर मऊ ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. शेवटी कूलंट भरताना आत हवा राहिली तर पहिल्याच दिवशी गाडी तापते.

डिझेलवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. बऱ्याच डिझेल इंजिनांत एकाच मॉडेलला वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरवतात. कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून ती ओळखायची. "चालेल, सारखंच दिसतंय" म्हणून बसवाल तर फसाल.

तिसऱ्यांदा आम्ही काय केलं

या वेळी मी मिस्त्रींना म्हणालो, पाना लावायच्या आधी आपण फक्त तपासू. त्यांना ते आवडलं नाही. पण ते अनुभवी माणूस, एकदा बसले की मग सोडत नाहीत.

आधी कूलंटच्या टाकीवर केमिकल टेस्ट केली. निळं पाणी असतं, कूलंटमध्ये जळालेला गॅस येत असेल तर पिवळं होतं. पिवळं झालं, म्हणजे गॅस्केट गेलंय हे पक्कं. मग रेडिएटरचं झाकण टेस्टरवर लावलं. त्यावर 0.9 लिहिलं होतं, म्हणजे 0.9 बार प्रेशर धरायला हवं होतं. ते निम्म्यातच सोडत होतं.

आता झाकणाला एवढं महत्त्व का? साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कुकरसारखं प्रेशर धरलं की उशिरा उकळतं. 0.9 बारच्या झाकणाखाली पाणी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट असेल तर त्याहूनही थोडं वर. झाकणाची स्प्रिंग मेली की ही सगळी सूट गेली. कूलंट उकळून टाकीतून बाहेर पडतं आणि रोज थोडं थोडं कमी होतं.

दादांना विचारलं, "पाणी घालता का मधे मधे?" ते म्हणाले, "रोज सकाळी. अर्धा लिटर तरी लागतं. घरच्या बोअरचं घालतो." त्यांचं घर खाडीजवळ. आपल्या किनारपट्टीला अशा ठिकाणी बोअरचं पाणी मचूळच असतं. रेडिएटर उतरवला तर आतल्या निम्म्या नळ्या पांढऱ्या-तपकिरी थराने बंद. आणि हेड काढून ब्लॉकवर सरळपट्टी ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये 0.12 मिमीची गेज पट्टी आत जात होती. हेड दोनदा फेस केलं होतं. ब्लॉक एकदाही बघितला नव्हता.

पाच वेळा "का?"

बीबीएला असताना टोयोटाबद्दल शिकलो होतो. परीक्षेला लिहून विसरलो होतो. तिथल्या ताइइची ओहनो यांनी एका मशीनचं उदाहरण दिलं आहे. मशीन बंद पडलं. का? लोड वाढून फ्यूज उडाला. का? बेअरिंगला पुरेसं ऑइल नव्हतं. का? ऑइलचा पंप नीट खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? जाळी नव्हती म्हणून धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर तो काही दिवसांनी परत उडाला असता.

आमचं गॅस्केट म्हणजे तो फ्यूज होता. मग मी आमच्या गाडीचं लिहून काढलं.

1. गॅस्केट का उडालं? गाडी तापली आणि वाकलेल्या ब्लॉकवर ते नीट बसलंच नव्हतं.
2. गाडी का तापली? रेडिएटर निम्मा बंद होता आणि कूलंट कमी पडत होतं.
3. रेडिएटर का बंद झाला? रोज बोअरचं मचूळ पाणी पडत होतं.
4. रोज पाणी का घालावं लागत होतं? झाकण प्रेशर धरत नव्हतं.
5. हे आम्हाला दोनदा का कळलं नाही? कारण गाडी घेताना "पाणी घालावं लागतं का?" हे आम्ही विचारलंच नाही. आमच्या जॉब कार्डवर गाडी नंबर, तक्रार आणि रक्कम, एवढ्याच तीन ओळी होत्या.

पाचव्या उत्तरात मिस्त्री नाहीत, गॅस्केटची कंपनी नाही आणि दादाही नाहीत. त्यात मी आहे. जॉब कार्ड बनवणं हे पाना धरणाऱ्याचं काम नव्हतं, दुकान चालवणाऱ्याचं होतं.

पाण्याचं आपल्या तारापूरकडूनच शिका

"कूलंट महाग पडतं, पाणी घातलं तर काय झालं?" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी एक उदाहरण देतो. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र, ज्याची पहिली दोन युनिट 1969 पासून सुरू झाली, ते समुद्राकाठी बांधलं, कारण थंड करायला भरपूर पाणी लागतं. पण समुद्राचं खारं पाणी फक्त बाहेरून, कंडेन्सर थंड करायला फिरतं. अणुभट्टीच्या आतल्या चक्रात ते कधी जात नाही, तिथे क्षार काढलेलं शुद्ध पाणीच असतं. एमआयडीसीत बॉयलरवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, डीएम वॉटर म्हणजे काय ते तो सांगेल.

गाडीचं इंजिनही तसंच. आतून फिरणारं पाणी शुद्धच हवं. कंपनीने सांगितलेलं कूलंट घाला. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड किंवा डीएम पाण्यात मिसळा, नळाच्या किंवा बोअरच्या नाही. रस्त्यात अडकलात तर बिसलेरी घालून घरी या, चालेल, पण नंतर सिस्टिम धुऊन कूलंट भरा. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, गरम असताना झाकण उघडू नका. दोन्हींत नुकसान आहे, एकात इंजिनचं आणि एकात तुमच्या चेहऱ्याचं.

आता हिशोब बघा

हे आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. पार्ट्सवरचं मार्जिन बाजूला ठेवतो.

पहिल्या कामाचं बिल 8,600 रुपये. त्यात गॅस्केट किट, ऑइल, फिल्टर, कूलंट मिळून 3,900, फेसिंगचे 1,000 आणि मजुरी 3,700. मजुरीतून मिस्त्री आणि हेल्परचा दोन दिवसांचा पगार 1,800 गेला. मला उरले 1,900.

दुसऱ्यांदा काम फुकट केलं. पार्ट्स आणि फेसिंगचे 4,900 आणि पगाराचे 1,800, एकूण 6,700 माझ्या खिशातून. म्हणजे परत आलेल्या एका कामाने साडेतीन चांगल्या कामांचा नफा खाल्ला. दोन दिवस एक जागा अडली, दुसरं गिऱ्हाईक परत गेलं, ते यात धरलेलंच नाही.

टॉर्क रिंच, सरळपट्टी, फिलर गेज, झाकणाचा टेस्टर हे सगळं "नंतर घेऊ" म्हणून मी टाळलं होतं. आज गॅरेज टाकणाऱ्याला मी सांगतो, बोर्ड साधा लावा, एसी केबिन करू नका, पण मोजायची हत्यारं पहिल्या दिवशी घ्या.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं

तिसऱ्या वेळचं काम मोठं होतं. इंजिन बाहेर काढून ब्लॉक मशीन शॉपला पाठवायचा, नवा रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, नवे बोल्ट. मी दादांना बसवलं आणि कागदावरची पाचही कारणं वाचून दाखवली, पाचवं सुद्धा. म्हणालो, मजुरी आणि गॅस्केट माझ्याकडून. रेडिएटर आणि ब्लॉकचं काम तुमचं, पण हप्त्याने द्या.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी असं सांगितलं असतंत तर मी दिले असते पैसे."

गाडीला बारा दिवस लागले. ती नंतर नीट चालली, पाणी घालावं लागलं नाही, गॅस्केटही टिकलं. पण त्या बारा दिवसांत ठेकेदाराने त्या रूटवर दुसरी व्हॅन लावली. ते काम दादांना परत मिळालं नाही. पुढचे काही महिने त्यांनी मिळेल ते भाडं मारत हप्ते भरले, गाडीचेही आणि माझेही. माझे पैसे पूर्ण आले. त्यांचं गेलेलं काम मला भरून देता आलं नाही. गिऱ्हाइकाची गाडी ही नुसती गाडी नसते, घर चालवायचं साधन असतं, हे तेव्हा नीट समजलं.

आमच्या जॉब कार्डवर आता काय असतं

तापलेली गाडी आली की हे भरल्याशिवाय हेडच्या बोल्टला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

1. पाणी किंवा कूलंट किती दिवसांनी घालावं लागतं? कुठलं पाणी?
2. गाडी कधी तापते? उभी असताना, चढावर की हायवेला? उभी असताना तापली तर आधी पंखा बघा. चढावर, लोडवर तापली तर आधी रेडिएटर आणि पंप बघा.
3. तापली तेव्हा किती वेळ चालवली? काटा अचानक खाली आला होता का? सेन्सरजवळ कूलंटच उरलं नाही तर काटा थंड दाखवतो आणि इंजिन आत भाजत असतं.
4. आधी हेड उघडलंय का? कितीदा फेस मारलाय?
5. झाकण, प्रेशर, केमिकल टेस्ट: निकाल लिहा.
6. हेड आणि ब्लॉक, दोन्हींची मापं लिहा. "ठीक आहे" लिहायचं नाही, आकडा लिहायचा.
7. बोल्ट नवे की जुने, टॉर्क किती, कोणी आवळले, त्याची सही.
8. गाडी देताना गिऱ्हाइकाला सांगितलं का: पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना टाकीतली लेव्हल बघा. कमी झाली तर फोन करा, पाणी घालून चालवू नका.

मिस्त्री सुरुवातीला या कागदाला "शेठची परीक्षा" म्हणायचे. आता नवीन पोराला तेच ओरडतात, "आकडा कुठाय?"

तुमचं गॅरेज नसेल, केकचं काम असेल, शिलाईचं असेल, मोबाइल रिपेअरिंगचं असेल, तरी हे लागू आहे. तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की तेच काम परत करायला धावू नका. एक कागद घ्या, पाच वेळा "का?" लिहा आणि पाचव्या ओळीत स्वतःचं नाव आलं तर ते खोडू नका.

तुमच्याकडे कुठलं काम परत आलं होतं, ते लिहा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं छापून घ्यायचं ते दाखवतो. चला, भेटू.